कोल्हापूरहून आई-वडिलांना घेऊन सहा दिवसांत श्रीलंका: काय ठेवावं, काय सोडावं?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत सहा दिवस मिळताहेत, वडिलांचे गुडघे दुखतात, घरात सगळे शाकाहारी आहेत. एजंटाच्या यादीत सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, यालाचं अभयारण्य, गॉल आणि कोलंबो एवढं सगळं आहे, आणि हे जमेल का असा तुमचा प्रश्न आहे.

नाही जमणार. निम्म्याहून जास्त ठिकाणं कापा. श्रीलंका महाराष्ट्राच्या पाव भागाएवढीसुद्धा नाही, त्यामुळे नकाशावर सगळं जवळजवळ वाटतं. पण आतले रस्ते गावागावांतनं आणि घाटातनं जातात. कोलंबो ते कँडी जेमतेम ११५ किलोमीटर, तरी तीन-साडेतीन तास धरायचे. त्या यादीप्रमाणे गेलात तर आई-वडिलांचा सगळा वेळ गाडीतच जाईल.

मी असं ठरवेन: सिगिरियाजवळच्या दंबुल्लात दोन रात्री, कँडीत दोन, शेवटची विमानतळाजवळच्या नेगोंबोत. विमानतळ कोलंबोपासून तीसेक किलोमीटर उत्तरेला, कटुनायकेला आहे. तिथून कोलंबोकडे न वळता थेट दंबुल्ला गाठा. गॉलचा किल्ला सुंदर आहे, पण तो दक्षिण टोकाला आहे, पुढच्या खेपेला ठेवा. जानेवारी महिना मात्र चांगला निवडलात. तेव्हा पाऊस जास्त करून पूर्व किनाऱ्याकडे असतो.

सिगिरियाचं नीट ऐका. पाचव्या शतकात कश्यप राजाने एका सुट्या, उभ्या खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला, ते हे ठिकाण. पायऱ्या बाराशेच्या आसपास आहेत आणि सिंहाच्या दगडी पंजांपासून पुढे कड्याला लावलेला लोखंडी जिना चढावा लागतो. पन्हाळ्यासारखी गाडी वर जात नाही. वडिलांना तिथे चढवू नका. पायथ्याची पाण्याची बाग सपाट आहे, तिथल्या हौदांच्या मधल्या वाटेवरून समोर अख्खा खडक दिसतो. त्यांना तिथे सावलीत बसवा आणि तुम्ही सकाळी उघडल्या उघडल्या वर जाऊन या. नऊनंतर खडक तापतो. पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते.

दंबुल्लाच्या लेण्यांनाही पायऱ्या आहेत, पण कमी. बसत-बसत गेले तर वडील पोचतील. चप्पल वर दाराशी काढावी लागते आणि अंगणातली फरशी उन्हात चटके देते, म्हणून जाडसर मोजे न्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथल्या लोकांना ते खरोखर लागतं.

आता जेवण. शाकाहारी माणसाची सगळ्यात मोठी फसगत होते ती खोबऱ्याच्या चटणीत. पोल सांबोल दिसतं आपल्या ओल्या खोबऱ्याच्या लाल चटणीसारखं, पण त्यात बऱ्याचदा उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. भाज्यांतही घालतात. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, 'उंबलकड नको' असं नाव घेऊन सांगा. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूरडाळ, ती आणि भात आई-वडिलांना सोसेल, पण तिथेही एकदा विचारून घ्या. कँडीत तमिळ शाकाहारी हॉटेलं आहेत, तिथे निर्धास्त जेवा.

कँडीत दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या, मंदिरात दिवसातून तीन वेळा पूजा होते. त्यातली संध्याकाळची गाठा, ढोल-सनईच्या आवाजात आई रमतील. एलाच्या रेल्वेचा हट्ट सोडा, सहा-सात तास जातात. कँडीहून कोलंबोकडे येणारी गाडीही कडुगन्नावाचा घाट उतरते आणि तीनेक तासांत पोचवते. आरक्षण सुरू होताच तिकीट काढा. आईंना सीता अम्मन मंदिर बघायचंच असेल, तर कँडीतली एक रात्र नुवारा एलियाला द्या. ते गाव अठराशे मीटरच्या वर आहे, स्वेटर लागतो, आणि तिथून नेगोंबोला यायला जवळजवळ अख्खा दिवस जातो, हे धरून चाला.

गाडी ड्रायव्हरसकट घ्या. पहिल्याच दिवशी सांगा की मसाल्याच्या बागा आणि रत्नांची दुकानं आम्हाला बघायची नाहीत, नाहीतर दंबुल्ला ते कँडीच्या वाटेवर, मातलेपाशी, अर्धा दिवस त्यातच जातो.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. प्रवेश परवाना ऑनलाइन मिळतो, पण अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जादा पैसे घेतात. शुल्काचे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी बघून घ्या. २०२४ पासून तिथे यूपीआय चालतं, पण सगळीकडे नाही. विमानतळावरच थोडे श्रीलंकन रुपये करून घ्या.

मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरून त्याच दिवशीचं विमान धरायचा बेत असेल तर ते विमान किमान दुपारनंतरचं असू द्या.