त्याला त्याचा कालचा दिवस विचार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा बांधावर उभा राहून तू अर्धा तास बोललास आणि मी तुला धड उत्तर दिलं नाही. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो काका, हो काका" करतोस.

मला समजलं ते असं. आर्मीत अग्निवीर, म्हणजे चार वर्षांच्या भरतीत, जनरल ड्यूटीच्या साध्या शिपायाच्या जागेला तुझं नाव मेरिटमध्ये लागलं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये हजर व्हायची तारीख मिळाली. तेवढ्यात नेव्हीच्या एसएसआरचं, म्हणजे नाविक भरतीचं, ओडिशातल्या चिल्काच्या शिक्षण केंद्रावर बोलावणं आलं. आता हे मधले पाच आठवडे तू घरी बसून आहेस आणि येणारा-जाणारा तुझ्या डोक्यात काहीतरी टाकून जातोय. अकादमीतले सर म्हणतात, आर्मी हीच खरी फौज. मामा म्हणतो, नेव्हीत जेवण चांगलं, परदेश बघायला मिळतो. आई म्हणते, जिथं गोळी चालत नाही तिथं जा. आणि तू मला विचारतोस, "काका, कुठली वर्दी चांगली?"

मी तुला उलट तीनदा विचारलं, दिवसभर काय करायला आवडतं तुला? तिन्ही वेळा तू म्हणालास, देशसेवा. अरे, ते धरूनच चाललोय आपण. ते मनात नसतं तर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आणण्यासाठी वर्षभर पहाटे चारला उठला नसतास. देशसेवा तिन्ही दलांच्या गेटांच्या आत आहे. गेटातून आत गेल्यावर सकाळी सहा वाजता तुझ्या हातात काय असणार, ते मला सांग.

ते तुला सांगता येत नाही, कारण तू कुणाला विचारलंच नाहीस. म्हणून माझं एकच सांगणं. जो आज तिथं नोकरी करतोय त्याला गाठ आणि त्याचा कालचा दिवस विचार. सगळ्यात मोठा पराक्रम विचारू नकोस, पगार विचारू नकोस. काल कितीला उठलास, हातात काय घेतलंस, किती तास उभा होतास, कुणी ओरडलं, कशावरून ओरडलं, कुठं झोपलास? एवढंच.

मला हे कुणी सांगितलं नाही. १९९३ साली माझ्याही हातात असेच दोन कागद होते. आपल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन तू पाहिलंयस. ते मी नववीत असताना एकट्यानं खोललं होतं आणि परत जोडून सुरू केलं होतं. नोझलमधून डिझेलचा फवारा कसा पडतो हे बघत मी जेवण विसरायचो. नेव्हीचा कागद आला तेव्हा जहाजाच्या पोटात केवढं इंजिन असेल, हा विचार मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण घरात आजोबांचा फोटो होता, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणीतला. भाऊबंद म्हणाले, आपल्या घराण्यात पाण्यात कोण गेलंय? चुलत्यांनी तर खारं पाणी, वादळ, बुडालेली बोट असं सगळं रंगवून सांगितलं. चुलत्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, अलिबागला, सहलीत. त्यांचं ऐकून मी चिल्काची तारीख जाऊ दिली. एकाही नाविकाला मी भेटलो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर एकाही इन्फंट्रीवाल्याला त्याचा कालचा दिवस विचारला नव्हता. आजोबांना विचारला तो नेहमी लढाईचाच दिवस.

पलटणीतला दिवस कसा असतो, ऐक. चौकीवर असलास तर उजाडायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन आपापल्या जागी, तोंडातून शब्द नाही. मग हत्यार साफ करणं, मोर्चा दुरुस्त करणं, खोदणं, पाणी आणि रेशन पाठीवर वर चढवणं. गस्त निघाली तर किती तास, ते डोंगर ठरवणार. रात्री पहारा. झोप तुकड्या-तुकड्यांत. पीसला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत, आलास तर पीटी, परेड, फायरिंग, फटीग म्हणजे अंगमेहनतीची कामं, खेळ, रोल कॉल. आणि या सगळ्यात तू एकटा कधीच नाहीस. दहा जणांचा सेक्शन, तेच तुझं घर. ज्याला माणसांत राहून, माणसांसाठी अंग मोडून काम करायला आवडतं, त्याला याच्यासारखं सुख दुसरं नाही. मला माणसं आवडायची, पण हात मशीनकडं वळायचे. एमटी प्लाटूनमध्ये, म्हणजे पलटणीच्या गाड्या सांभाळणाऱ्या तुकडीत, घ्या म्हणून सात वर्षं मागे लागलो होतो. मिळाली ती दोनच वर्षं. त्या दोन वर्षांत मी एकदाही सुट्टीचे दिवस मोजले नाहीत.

लगेच असं धरू नकोस की काका इन्फंट्रीला नावं ठेवतात. चोवीस वर्षं मी ती वर्दी घातली, हवालदार होऊन उतरलो, एकदाही चार्जशीट नाही. कुपवाड्याच्या बर्फात एका पोराचे पाय गारठून काळे पडायला लागले होते, ते मी रात्रभर माझ्या पोटाशी धरून बसलो होतो. तो आज दोन लेकरांचा बाप आहे आणि दर दिवाळीला फोन करतो. शिवाजी महाराजांचा जयजयकार करत पलटण उठते तेव्हा अंगावर येणारा काटा मला अजून येतो. मी वाया गेलो नाही. कुणी तसं म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. फक्त, २८ मार्च २०२३ ला चिल्काहून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. सूर्य मावळल्यावरचं संचलन, अडीच हजारांवर पोरं, त्यांत २७२ मुली. टीव्हीवर ते बघताना मी उठलो आणि विहिरीवर जाऊन बसलो. तुझ्या काकूनं विचारलं, काय झालं? मला सांगता आलं नाही.

म्हणजे माझं मन तुला चिल्काकडं ढकलणार, हे उघड आहे. तेव्हा या बाबतीत माझंही ऐकू नकोस! माझं इंजिन तुझ्या गळ्यात कशाला? तुला मी मोटारीपाशी रमलेला कधी पाहिला नाही. तालमीपुढच्या मैदानावर बारक्या पोरांना पळायला शिकवताना मात्र पाहिलंय, आणि त्यात मागं पडलेल्या पोराजवळ तू थांबतोस हेही पाहिलंय. त्याचा अर्थ तू लाव.

नाविकाचा कालचा दिवस मी तुला सांगू शकत नाही, मी तो जगलो नाही. ऐकलेलं एवढंच, की समुद्रावर असताना दिवस वॉचमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, कापलेला असतो, चार चार तासांच्या. मध्यरात्री बारा ते पहाटे चारचा वॉच करून पुन्हा सकाळच्या कामाला उभं राहायचं. एकावर एक बंक, गोडं पाणी जपून, कित्येक दिवस फोनला रेंज नाही. इंजिनरूममध्ये उकाडा आणि आवाज. मामाचा परदेश वर्षातून कधीतरी बंदरात दिसतो, वॉच रोज असतो. चिल्कानंतर कुणाला लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर इंजिनाचं काम शिकायला पाठवतात, कुणाला जामनगरला वलसुरावर विजेचं, कुणाला कोचीला द्रोणाचार्यवर तोफांचं. कुठली ब्रांच मिळेल हे तुझ्या एकट्याच्या हातात नाही. त्यामुळं एकाच नाविकाला विचारून थांबू नकोस. निदान दोघांना विचार, वेगवेगळ्या कामांतल्या.

पैशाची बेरीज करत बसला असशील तर ती वही मिट. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले २१,००० हातात. चौथ्या वर्षी ४०,०००. शेवटी सेवानिधी, म्हणजे चार वर्षांनी एकदम मिळणारी रक्कम, व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, तिन्हीकडं हेच आकडे. कायम होणार शंभरातले पंचवीसपर्यंत, तेही तिन्हीकडं. आमचं चुकलं तरी पेन्शन ते झाकून घ्यायची. तुझी चारच वर्षं आहेत. चार वर्षांनी बाहेर पडावं लागलं तर ती रक्कम आणि अंगात मुरलेलं काम, एवढंच बरोबर येणार. म्हणून मी रोजच्या कामावर इतका अडून बसलोय. तू हसतोस, काका तेच तेच बोलतात म्हणून. बोलणारच.

आता व्यवहाराचं. चिल्काला पोचलास म्हणजे नेव्हीत गेलास असं नाही. तिथं पुन्हा मेडिकल होतं आणि त्यातून पोरं परत आलेली आहेत. बेळगावची तारीख सोडून तिकडं गेलास आणि दाताला, कानाला, गुडघ्याला काही निघालं, तर दोन्ही हातचं गेलं समज. बेळगावला तारखेला उभा राहिला नाहीस तर तुझी जागा कुणी धरून ठेवणार नाही. आणि एकदा नावनोंदणी झाली की मग मन बदललं म्हणून बाहेर पडता येत नाही, अगदी अपवादात्मक प्रकरण सोडलं तर. आत गेल्यावर या दलातून त्या दलात जायची वाट नाही. जे ठरवायचं ते या पाच आठवड्यांत. दोन्ही कागदांवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघितल्यास का? नसशील बघितल्या. मला खात्री आहे.

आणि पळणं का बंद केलंस? निवड झाली म्हणून? बेळगावचं शिक्षण साधारण एकतीस आठवड्यांचं, चिल्काचं सोळा. दोन्हीकडं पहिल्याच आठवड्यात उस्तादाला कळतं, कोण घरी लोळत होता. उद्यापासून मैदानावर दिसलास तरच माझ्याशी बोल. डोकं फिरायला निम्मं कारण तेच आहे. पाय रिकामे राहिले की असं होतं.

येत्या रविवारी खालच्या आळीतला एक पोरगा सुट्टीवर येतोय, नौदलात सहा वर्षं झाली त्याला, विजेच्या कामावर आहे. संध्याकाळी माझ्याकडं चहाला बोलावलाय. माझ्या जुन्या पलटणीतला एक नायकही गावात आहे, तोही येईल. तू एकटा ये. वडिलांना, मामाला आणू नकोस, त्यांच्यादेखत ही दोघं खरं बोलणार नाहीत. मी चहा देऊन विहिरीवर जाऊन बसेन, म्हणजे माझीही अडचण नको. काय विचारायचं ते तुला ठाऊक आहे.

येताना दोन्ही कागद घेऊन ये. तारखा मला माझ्या डोळ्यांनी बघायच्या आहेत.

तुझा,
काका