छपरावरच्या सोलरची शिल्लक वीज पाणी तापवायला वापरावी का?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा: निपाणीत आपल्या घरावर 3 किलोवॉटचे ऑन-ग्रिड (म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेले) सोलर आहे, दुपारची बरीचशी वीज हेस्कॉमकडे, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडे, जाते, महिनाअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर खरेदीच्या दरापेक्षा कमी आहे, आणि म्हणून शिल्लक वीज आपोआप गीझरकडे वळवणारे यंत्र बसवावे का, असे आपण विचारता. मी बेळगावात राहतो आणि आमच्याकडेही नेट मीटरच आहे. शिल्लक खरोखरच उरत असेल तर पाणी विजेवर अवश्य तापवा. यंत्र मात्र घेऊ नका.

नेट मीटरवर दुपारी दिलेले एक युनिट त्याच महिन्यात पहाटे घेतलेल्या एका युनिटाशी वळते होते, त्यामुळे गीझर दुपारी एकला लावला काय किंवा पहाटे साडेपाचला लावला काय, बिलात फरक पडत नाही. उलट दुपारी तापवलेले पाणी रात्रभर टाकीत निवत राहते आणि तेवढी वीज फुकट जाते. ही यंत्रे ज्या देशांत जन्मली तिथे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी धरून तिला वेगवेगळा भाव लावतात. तिथे दुपारची वीज दुपारीच जिरवणे शहाणपणाचे ठरते. आपल्या मीटरवर तो प्रश्नच उद्भवत नाही.

आता खर्च किती, ते पाहू. एका युनिटात साधारण 860 लिटर पाणी एका अंशाने तापते. चौघांच्या आंघोळीला 100 लिटर पाणी लागते आणि ते थंडीत 18 अंशांवरून 42 अंशांवर न्यायचे आहे, असे धरले तर 2.8 युनिटे लागतात. टाकीतून निसटणारी उष्णता धरून रोजची तीन-सव्वातीन, म्हणजे महिन्याला शंभराच्या आत-बाहेर. स्वच्छ उन्हात 3 किलोवॉटचे पॅनेल दिवसाला 11-12 युनिटे देतात, तेव्हा हा भार त्यांना जड नाही. अडचण आहे ती ऋतूंची. शिल्लक सर्वांत जास्त पडते मार्च ते मे या काळात, आणि तेव्हा गरम पाणी कोण मागतो? जुलै-ऑगस्टच्या झडीत कढत पाण्यावाचून चालत नाही, पण त्या वेळी उत्पादन निम्म्यावरही येऊ शकते. दोन्हींचा मेळ खऱ्या अर्थाने बसतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीत. म्हणून वर्षभराची बिले पुढ्यात घेऊन प्रत्येक महिन्याचे आयात (घेतलेली वीज) आणि निर्यात (दिलेली वीज) हे दोन आकडे मांडा (मजकूर कानडीत असला तरी आकडे वाचता येतात) आणि थंडीच्या महिन्यांत निर्यात किती वरचढ आहे, ते बघा. ती शंभर युनिटांनी वरचढ नसेल, तर गीझरची काही वीज आपण विकतच घेणार आहात.

सध्या पाणी कशावर तापते, हे आपण लिहिलेले नाही, आणि निर्णय बराचसा त्यावरच अवलंबून आहे. गॅस गीझर असेल, तर 14.2 किलोच्या एका सिलिंडरमधून पाण्यात उतरणारी उष्णता सुमारे 145 युनिटांइतकी भरते. करारातला शिल्लक विजेचा दर 145 ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. माझ्या हिशेबात सिलिंडर महाग पडतो. परसात बंब असेल आणि जळण घरचेच असेल, तर पैशाचा लाभ नाही. धूर टळेल, एवढेच. आमच्या आईला अजून बंबाचेच पाणी लागते, त्यापुढे हिशेब चालत नाही.

खानापूरकडच्या एखाद्या शेतघरात ग्रिडला न जोडलेली, बॅटरीवरची व्यवस्था असेल, तर मात्र माझे उत्तर बदलेल. तिथे बॅटरी भरली की पॅनेलमधून निघू शकणारी वीज वायाच जाते, आणि ती पाण्यात साठवणे हा उत्तम उपाय आहे. त्यासाठी चांगले आवरण असलेली 50 ते 100 लिटरची टाकी आणि 1 किलोवॉटच्या आसपासची कॉइल घ्यावी. मोठी कॉइल ढग येताच बॅटरीवर ताण देते. आपल्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरचे तसे नाही: हेस्कॉमची वीज गेली की भर दुपारीही तो बंद पडतो, मग शिल्लक कुठली आणि गीझर कुठला.

पॅनेल अजून बसवायचे असते आणि छपरावर जागा बेताची असती, तर पाण्यासाठी मी नळ्यांचा सोलर हीटर सुचवला असता, कारण तेवढ्याच जागेत तो पॅनेलच्या दुपटीहून अधिक ऊर्जा पाण्यात उतरवतो. बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतात, हे लक्षात असू द्या. गीझरच्या कॉइललाही ते चुकलेले नाही. आता पॅनेल आहेतच, तेव्हा 25 लिटरचा, 2 किलोवॉटचा, अधिक तारांकित गीझर पुरे. थर्मोस्टॅट 60 अंशांवर ठेवून बादलीत थंड पाणी मिसळावे, म्हणजे एक टाकी दोघांना पुरते आणि पुढच्या दोघांसाठी ती अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा तापते. हा गीझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, म्हणून त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे बटण) आणि तपासून घेतलेले अर्थिंग हवे. जुन्या घरांत अर्थिंगची तार भिंतीत जाऊन तिथेच संपलेली आढळते, तेव्हा ती शेवटपर्यंत पोचली आहे का, हे वायरमनला मीटर लावूनच दाखवायला सांगा.