घाडगेंची समाधी इटलीत कुठे आहे?

प्रश्न : ताई, मी माणगावचा. आमच्याकडे तहसील कचेरीबाहेर यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, लहानपणापासून येता-जाता हात जोडतो. मुलगा-सून रोमला असतात, दिवाळीला बोलावलंय. तर म्हटलं त्यांच्या पळसगावची मूठभर माती न्यावी नि समाधीवर घालावी. समाधी नक्की कुठे आहे?

उत्तर : काका, वाईट वाटेल पण सांगते, समाधी नाहीच. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला इटलीतल्या वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनने त्यांची अख्खी तुकडी पडली, कोण मेलं कोण जखमी, उभे राहिले एकटे तुकडीप्रमुख नाईक घाडगे, वय २२. सरळ धावत गेले, ग्रेनेडने गन उडवली, एकाला टॉमीगनने टिपला, आणि मॅगझीन बदलायला वेळच नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणलं. मग स्नायपरच्या गोळ्या छातीत नि पाठीत बसल्या आणि जी चौकी घेतली तिथेच ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मागाहून आला. पुतळा बघताना आपण मिशा नि युनिफॉर्म बघतो, २२ वर्षांचं पोर होतं हे डोक्यातच येत नाही.

ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही त्यांची नावं रोमच्या दक्षिणेला कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकावर, कॅसिनो मेमोरियलवर कोरलीत, त्यात घाडगेंचं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव टाकलं की पॅनल नंबर मिळतो, मुलाला आधीच काढून ठेवायला सांगा, तिथे चार हजारांवर नावं आहेत, उगाच मान दुखेल. रोमहून ट्रेन आहे, दीडेकशे किलोमीटर.

पण एकच ठिकाण जमणार असेल तर मी म्हणेन उलट्या दिशेला, उत्तरेला, पेरुजाच्या पुढे माँतोनेला जा. लढाई त्याच भागात झाली, आणि २०२३ मध्ये गावाने त्यांच्या नावाने चक्क सूर्यघड्याळ उभारलंय, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे त्याच्यावर.

माती मात्र नेऊ नका हं, बाहेरची माती युरोपात न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतील नि तुमचा जीव हळहळेल. त्यापेक्षा पुतळ्याचा फोटो न्या. आणि ऊन बघून जा, ढग असले तर घड्याळ बंद.