मटारच्या सालींचा मुरघास मेंढ्यांना चालतो, पण ओल सांभाळा

सांवेरकडच्या एका भाऊंनी विचारलंय की मटार सोलणाऱ्या युनिटमधून साली स्वस्तात मिळतात, त्यांचा मुरघास (हवाबंद दाबून आंबवलेला चारा) करून मेंढ्यांना घालता येईल का. आणि महूच्या एका ताई म्हणतायत मुरघास सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागली, कान लोंबतोय, लाळ गळते.

ताई, आधी तुमचं. उद्यावर ढकलू नका, आत्ता 1962 या जनावरांच्या डॉक्टरांच्या हेल्पलाइनला फोन लावा. हा लिस्टेरियाचा प्रकार असू शकतो, माती लागलेल्या किंवा नीट न आंबलेल्या मुरघासात हा जंतू वाढतो, आणि गाय-म्हशीपेक्षा मेंढीला जास्त धरतो. लवकर अँटिबायोटिक मिळालं तर मेंढी वाचू शकते, आडवी पडली की अवघड. तो मुरघास आजच बंद करा, पण लक्षणं खाल्ल्यावर काही आठवड्यांनीही दिसतात म्हणून बाकीच्यांवरही नजर ठेवा. कुठली मेंढी गाभडली तर घरातल्या गरोदर बाईला तिच्याजवळ जाऊ देऊ नका, हा जंतू माणसालाही लागतो.

आता भाऊ, साली चांगल्याच आहेत, प्रोटीन मक्याच्या कडब्यापेक्षा जास्त. अडचण पाण्याची, ताज्या सालीत ऐंशी टक्क्यांवर पाणी असतं, तशाच दाबल्या तर पाणी खाली साचतं, सडका वास येतो आणि सगळं वाया. म्हणून शंभर किलो सालीत 20-25 किलो सोयाबीनचा कोरडा भुसा मिसळा आणि 2 किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडा, कारण मटारात प्रोटीन जास्त असल्यामुळे आंबट व्हायला जंतूंना साखर लागते. मूठ घट्ट दाबून बघा, पाणी टपकलं तर अजून भुसा घाला, गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. मग मुरघासाच्या प्लास्टिक बॅगेत थराथराने पायाने तुडवून दाबा, हवा राहिली तर बुरशी आलीच. तोंड घट्ट बांधून निदान 45 दिवस हात लावू नका.

उघडल्यावर आंबूस वास आणि पिवळसर हिरवा रंग हवा. वरचा काळा किंवा पांढऱ्या बुरशीचा थर फेकूनच द्या, म्हशीलाही नको. रोज लागेल तेवढंच काढा आणि लगेच झाका.

पहिले काही दिवस रोज 200 ग्रॅमच द्या, दोन आठवड्यांत वाढवत 35 किलोच्या मेंढीला दीड किलोपर्यंत, सोबत कोरडा चारा हवाच. तीन महिन्यांखालच्या कोकरांना अजिबात नको. आंत्रविषाराची (खाणं एकदम बदललं की होऊ शकणारा आतड्यांचा जीवघेणा आजार) लस झाली नसेल तर खाणं बदलण्याआधी करून घ्या. आणि म्हशीसाठी आणलेलं मिनरल मिक्श्चर मेंढ्यांना घालू नका, त्यातलं तांबं मेंढीच्या लिव्हरमध्ये साठतं आणि एक दिवस अचानक लघवी लालसर होऊन जनावर मरतं. मेंढ्यांसाठी वेगळं मिळतं, पाकिटावर बघून घ्या.