कार्ताहेनातील खासगी सहल, पुण्याची कंपनी आणि नाशिकमध्ये दाद

प्रश्न (नाशिक येथील एका वाचकाचा): फेब्रुवारीत आम्ही कुटुंबातील पाच जण फ्लोरिडाहून निघणाऱ्या पनामा कालव्याच्या क्रूझवर गेलो होतो. कोलंबियातील कार्ताहेना बंदरात जहाज एक दिवस थांबणार होते. त्या दिवसासाठी पुण्यातील एका पर्यटन कंपनीच्या संकेतस्थळावरून, क्रेडिट कार्डाने ₹ ४८,५०० भरून, ‘फक्त आपल्या कुटुंबासाठी’ अशी खासगी सहल आरक्षित केली. स्वतंत्र वातानुकूलित गाडी, इंग्रजी बोलणारा परवानाधारक गाईड, सान फेलिपे किल्ल्याचे प्रवेशशुल्क, ला पोपाची टेकडी आणि हेत्सेमानी वस्तीतील फेरफटका असे व्हाउचरवर नमूद होते. प्रत्यक्षात गाईड दीड तास उशिरा आला, गाडीत आधीच नऊ अनोळखी प्रवासी होते, गाईडकडे ओळखपत्र नव्हते, किल्ल्याची तिकिटे आम्हालाच रोख पेसो देऊन काढावी लागली आणि जहाज गाठायचे म्हणून ला पोपा व हेत्सेमानी वगळले गेले. किल्ल्याच्या उतारावर घाईने उतरताना माझी ७१ वर्षांची आई घसरली आणि तिचे मनगट मोडले. कंपनी म्हणते की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, तेथील व्यावसायिकाशी बोला, आणि अटींनुसार वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात चालेल. तिने ₹ ५,००० चे कुपन देऊ केले आहे. आम्ही कोलंबियात दावा लावावा, पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यावी, की २५ लाखांची भरपाई मागावी?

उत्तर: आपण सुचवलेल्या तीन मार्गांपैकी एकही मार्ग मी आपल्याला सुचवणार नाही. घटना कार्ताहेनात घडली असली, तरी आपला करार भारतात, भारतीय कंपनीशी, भारतीय रुपयांत झालेला आहे. त्यामुळे आपली दाद नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगासमोर आहे आणि कागदपत्रे पाहता ती बरीच भक्कम आहे.

कंपनीचा मुख्य बचाव मध्यस्थ असल्याचा आहे. परदेशातील सहली विकणारे बहुतेक जण हाच बचाव घेतात, म्हणून त्याचा आधी विचार करू. प्रतिनिधीने आपल्या मालकाच्या वतीने केलेल्या कराराने तो स्वतः बांधला जात नाही, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३० मधील सर्वसाधारण तत्त्व खरे आहे. परंतु त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की प्रतिनिधीने मालकाचे नाव उघड केले नसेल, किंवा नाव उघड असूनही त्या मालकावर दावा करता येत नसेल, तर प्रतिनिधी स्वतः बांधील आहे असे गृहीत धरले जाईल. आपण पाठवलेल्या व्हाउचरवर कंपनीचे बोधचिन्ह, कंपनीचाच दूरध्वनी क्रमांक आणि तळाशी ‘स्थानिक सेवापुरवठादार’ एवढेच मोघम शब्द आहेत. हा पुरवठादार कोण, याचा कोठेही उल्लेख नाही. ज्याचे नाव आजवर सांगितले नाही त्याच्याशी बोला, असा सल्ला ही कंपनी आपल्याला देत आहे. हे गृहीतक खंडनीय आहे, म्हणजे कंपनी पुरावा देऊन ते खोडून काढू शकते. मात्र तो पुरावा देण्याची जबाबदारी तिच्यावर येते, आपल्यावर नाही.

या मुद्द्याला जोडून आपले बिल पाहिले. कंपनीने संपूर्ण ₹ ४८,५०० ही आपल्या सेवेची किंमत दाखवून ‘टूर ऑपरेटर’ या सदराखाली पूर्ण रकमेवर जीएसटी आकारलेला आहे. निव्वळ मध्यस्थाने आपल्या दलालीवर कर दाखवला असता. कर भरताना विक्रेता आणि तक्रार आली की मध्यस्थ, अशी भूमिका एकाच व्यवहारात घेता येत नाही. तरीही आपण केवळ ऑनलाइन बाजारपेठ चालवतो, असे कंपनीने म्हटलेच, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याचा तपशील ग्राहकाला उपलब्ध करून देणे तिचे कर्तव्य होते. ते तिने केलेले नाही, त्यामुळे ही वाटही तिला बंद आहे.

दिल्लीच्या न्यायालयाविषयीच्या अटीने घाबरून जाण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ ने तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे काम करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करण्याचा हक्क दिलेला आहे. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती आणि नाशिक-सोलापूरच्या ग्राहकाला अनेकदा कंपनीच्या दारात जावे लागे. ती अडचण दूर करण्यासाठीच हा बदल झाला. संसदेने दिलेला हा हक्क संकेतस्थळावर टिचकी मारून मान्य केलेल्या छापील अटीने हिरावला जात नाही, अशी मांडणी आपल्या तक्रारीत करावी. कंपनी अधिकारक्षेत्राचा प्राथमिक आक्षेप घेईलच, म्हणून त्याचे उत्तर मूळ तक्रारीतच असलेले बरे. त्याच अटींमध्ये लवादाचेही कलम असल्याचे दिसते; मात्र लवादाचे कलम ग्राहक आयोगाचा अधिकार काढून घेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात कायम केलेले आहे.

येथे एक खाचखळगा आहे, जो स्वतः तक्रार लिहिणाऱ्यांच्या बहुधा लक्षात येत नाही. या अटी एकतर्फी आहेत म्हणून ‘अनुचित करार’ रद्द करावा, अशी मागणी करण्याचा मोह आपल्याला होईल. परंतु अनुचित कराराविषयीच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगाला दिलेला आहे, जिल्हा आयोगाला नाही. ती मागणी केल्यास आपली ₹ ४८,५०० ची तक्रार विनाकारण मुंबईला, राज्य आयोगाकडे, जाण्याची किंवा परत येण्याची शक्यता निर्माण होईल. म्हणून आपली तक्रार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोनच पायांवर उभी करावी.

अनुचित व्यापारी प्रथेसाठी गाईडचा परवाना हा आपला सर्वांत ठोस मुद्दा आहे. कोलंबियात पर्यटक मार्गदर्शकाचा व्यवसाय नियमनाखाली आहे: त्याच्याकडे व्यावसायिक ओळखपत्र असावे लागते आणि पर्यटन सेवा देणाऱ्यांची राष्ट्रीय पर्यटन नोंदवहीत नोंद असावी लागते. १९९६ च्या तेथील पर्यटन कायद्यापासून ही चौकट आहे आणि २०२० च्या सुधारणेनंतरही ती कायम आहे. त्यामुळे ‘परवानाधारक गाईड’ हे जाहिरातीतले शोभेचे विशेषण ठरत नाही. ते खरे किंवा खोटे ठरू शकणारे विधान आहे. कंपनीला पाठवायच्या नोटिशीत तिच्याकडे गाईडच्या ओळखपत्राचा क्रमांक आणि स्थानिक व्यावसायिकाचा नोंदणी क्रमांक मागावा. तिने ते दिले तर निदान पुरवठादाराचे नाव आपल्याला कळेल, आणि दिले नाहीत तर तिचे मौन आपल्या उपयोगी पडेल.

आता आपल्या मातोश्रींच्या दुखापतीविषयी. मोबदला आपण भरला असला तरी ज्यांच्यासाठी सेवा घेतली त्या लाभार्थी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच असतात, म्हणून त्यांना तक्रारदार क्रमांक दोन म्हणून सामील करावे. मात्र दुखापत झाली म्हणजे कंपनी जबाबदार, असे समीकरण आयोग मान्य करणार नाही. कंपनीच्या कोणत्या त्रुटीमुळे ती झाली, हे आपल्याला दाखवावे लागेल. सान फेलिपे हा सान लासारो टेकडीवर बांधलेला, १६५७ मध्ये आकाराला आलेला आणि पुढे १७६० च्या दशकात वाढवलेला किल्ला आहे. लांब उतार, दगडी फरसबंदी, सावलीचा अभाव आणि दुपारचे दमट ऊन ही त्या जागेची उघड वैशिष्ट्ये आहेत. कंपनी म्हणेल की हा धोका कोणालाही दिसतो आणि ज्येष्ठ व्यक्तीने स्वतःची काळजी घ्यायला हवी होती. हा युक्तिवाद दुर्बळ नाही, आणि आपण तो हलक्यात घेऊ नये.

त्याला उत्तर आपल्याच कागदांत आहे. आरक्षणाच्या अर्जात कंपनीने प्रत्येकाचे वय विचारले होते, आणि आपण ‘आई हळू चालतात, चढ-उतार कमी ठेवावेत, भरपूर वेळ द्यावा’ असे लिहिल्यावर त्यांच्या प्रतिनिधीने व्हॉट्सॲपवर ‘नोटेड सर, प्रायव्हेट टूर आहे, तुमच्या वेगाने होईल’ असे उत्तर दिले होते. स्वतंत्र सहलीसाठी जास्त पैसे मोजण्यामागचे कारणच ते होते. त्याऐवजी मातोश्रींना चौदा जणांच्या गटाच्या वेगाने, दीड तासाचा उशीर भरून काढण्यासाठी उतरवले गेले. गाडीच्या समोरच्या काचेवर दुसऱ्याच गटाच्या नावाचा कागद चिकटवल्याचे आपण काढलेले छायाचित्र, आणि त्या सकाळी गाईडने पाठवलेले ‘लवकर चला, जहाज थांबणार नाही’ अशा आशयाचे संदेश, हे दोन पुरावे माझ्या मते साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचे आहेत. गाईडची घाई मात्र निराधार नव्हती, हेही मान्य करावे लागेल: स्वतंत्रपणे आरक्षित केलेल्या सहलीसाठी क्रूझ खोळंबून राहत नाही. पण हे वेळापत्रक आरक्षणाच्या दिवसापासून कंपनीला ठाऊक होते. क्रूझ कंपनीला मात्र या प्रकरणात सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करू नये; तिचा या सहलीशी संबंध नव्हता.

रकमेबाबत आपण पुन्हा विचार करावा अशी विनंती आहे. जिल्हा आयोगाचे आर्थिक अधिकारक्षेत्र, म्हणजे ५० लाखांची मर्यादा, भरलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रार शुल्कही नाही. म्हणून २५ लाख मागितल्याने आपले कायदेशीर नुकसान होणार नाही, परंतु एका दिवसाच्या सहलीपोटी तेवढी मागणी वाचून आयोगाच्या सदस्यांचा आपल्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वासही डळमळू शकतो. सहलीचे ₹ ४८,५०० व्याजासह परत, किल्ल्याच्या तिकिटांचा खर्च, दवाखान्याच्या सुमारे ₹ ६४,००० च्या बिलातून प्रवास विम्याने दिलेले ₹ ४१,००० वजा जाता उरलेली रक्कम, नाशिकमधील फिजिओथेरपीचा खर्च, मातोश्रींच्या शारीरिक व मानसिक त्रासापोटी दीड लाखाच्या आसपास, आणि तक्रारीचा खर्च, असा दावा समंजस दिसेल. पूर्ण रक्कम परत मिळेलच असे नाही, कारण शहराची भिंत, घड्याळ मनोऱ्याची वेस आणि सान पेद्रो क्लावेरचे चर्च आपण पाहिले, हे आपल्याच छायाचित्रांत दिसते. म्हणून ‘पर्यायाने योग्य तो भाग’ ही मागणीही अवश्य लिहावी. विमा कंपनीने जी रक्कम नाकारली तिचा वाद वेगळा आहे. तो विमा लोकपालाकडे, कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत नेता येतो.

कोलंबियातही २०११ चा ग्राहक कायदा आणि तो राबवणारे उद्योग व वाणिज्य अधीक्षक कार्यालय आहे. परंतु तेथील व्यावसायिकाशी आपला थेट करार नाही, कामकाज स्पॅनिशमध्ये चालते, आणि ₹ ४८,५०० साठी तेथे वकील नेमणे परवडणारे नाही. उलट दिशेने, भारतातील आदेशाची तेथे अंमलबजावणी करणेही सोपे नाही, आणि पुण्यातील कंपनीलाच सामनेवाला करण्यामागे हेही एक व्यावहारिक कारण आहे. नाशिकच्या आयोगाचा आदेश तिने पाळला नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७२ अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. पोलिसांकडे जाण्याचा विचार सोडून द्यावा: फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी आरंभापासूनच अप्रामाणिक हेतू असावा लागतो, आणि गाडी, गाईड व अर्धी सहल मिळाल्यावर तो सिद्ध होणे अवघड आहे.

ग्राहक तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, तरी थांबू नये. आपण कार्डाने पैसे भरले असल्याने आधी बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने दिलेली रक्कम परत मिळवण्याचा, अर्ज करावा. कार्ड कंपन्यांची त्यासाठीची मुदत साधारण १२० दिवसांची असते आणि सहलीला दोन महिने होऊन गेले आहेत. सेवा अंशतः मिळाली म्हणून बँक नकार देऊ शकेल, परंतु त्याने ग्राहक तक्रारीला बाधा येत नाही. ₹ ५,००० चे कुपन स्वीकारू नये. त्यासोबत पाठवलेल्या मजकुरात ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द आहेत, आणि कुपन वापरले की ते शब्द आपल्याविरुद्ध वाचले जातील. ‘आपला प्रस्ताव अमान्य आहे’ एवढे एका ओळीचे ई-मेल आजच पाठवावे.

त्यानंतर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस पोचपावतीसह पाठवावी आणि तिची प्रत संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेलने द्यावी. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच व एका महिन्यात निराकरण करायचे असते. व्हॉट्सॲपचे संभाषण मूळ फोनमधून पुसू नये, कारण त्याच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडणे हिताचे आहे. क्लिनिकची स्पॅनिश कागदपत्रे भाषांतरकाराच्या सहीच्या भाषांतरासह लावावीत. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. आयोगाची नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितले आहे. निकालासाठी कायद्यात तीन महिन्यांची अपेक्षा लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात याहून बराच अधिक काळ लागतो. पहिल्याच तारखेला आयोगाने मध्यस्थीचा पर्याय सुचवला आणि कंपनी सहलीची रक्कम व वैद्यकीय खर्च रोख द्यायला तयार झाली, तर आपल्या मातोश्रींचे वय पाहता तो प्रस्ताव मी तरी नाकारणार नाही.