अमेरिकेत नवीन आहे, H-4 वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा). शेजारीण पॅम्पर्ड शेफ या स्वयंपाकाची भांडी विकणाऱ्या कंपनीची ऑनलाइन पार्टी ठेव म्हणते. त्यात माझे पैसे जातात का? मराठी मैत्रिणींना बोलावलं तर मागे लागल्यासारखं वाटेल. ठेवू का?

ठेवा की. तुम्ही पैशांचं विचारलंय ते आधी निकालात काढते. होस्टला, म्हणजे पार्टी ठेवणारीला, खिशातून काही घालावं लागत नाही, घरात माल भरून ठेवावा लागत नाही. विकणारी तुमची शेजारीण, म्हणजे कन्सल्टंट, आणि कमिशनही तिचंच. तुम्ही माणसं जमवायची. विक्री ठरावीक रकमेच्या वर गेली की त्या प्रमाणात तुम्हाला फुकट वस्तूंसाठी क्रेडिट मिळतं, शिवाय काही वस्तू सवलतीत. हे आकडे बदलत असतात, तेव्हा चालू महिन्याचा तक्ता तिच्याकडून मेसेजवर मागवून घ्या. तोंडी नको.

दुसरं तुम्ही लिहिलंय, "मराठी मैत्रिणींना बोलावलं तर मागे लागल्यासारखं वाटेल." खरी मेख इथेच आहे. हा धंदा पहिल्यापासून भिडेवर चालत आलाय. टपरवेअरने 1951 साली दुकानांतून माल काढून घेतला आणि घरगुती पार्ट्यांवर सगळी भिस्त ठेवली, त्यामागचं डोकं ब्राउनी वाइज या बाईंचं. पॅम्पर्ड शेफ नंतरचं, 1980 चं. शिकागोजवळ राहणाऱ्या डोरिस क्रिस्टोफर या गृहविज्ञानाच्या शिक्षिकेने विमा पॉलिसीवर 3,000 डॉलर कर्ज काढून घराच्या तळघरात ते सुरू केलं. 2002 मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने कंपनी विकत घेतली, पण विकायची तऱ्हा तीच राहिली. कुणाच्या तरी हॉलमध्ये बसायचं, तिचा चहा प्यायचा, तिच्या हातचं खायचं, मग रिकाम्या हाताने उठणं जिवावर येतं. आपल्याकडे भिशीतही डबे असेच खपायचे.

ऑनलाइनमध्ये ती भीड राहत नाही. फेसबुकवर ग्रुप उघडतात, तो काही दिवस चालू असतो, आणि ज्या बाईला नको ती पलंगावर पडल्या पडल्या अंगठ्याने पोस्ट पुढे सरकवते. विक्री कदाचित कमी होईल. पण जी होते ती वस्तू आवडली म्हणून होते, आणि नंतर मंडळाच्या गणपतीत कुणी तुम्हाला बघून तोंड चुकवत नाही. मला हा सौदा परवडतो.

मग वस्तू आवडायला हवी ना. कन्सल्टंटकडे तयार पोस्टी असतात: टाको, ब्राउनी, कॅसरोल. आपल्या बायका त्या बघतही नाहीत. तिला सांगा, एक संध्याकाळ लाइव्ह मला द्या, आणि सरळ पावभाजी करा. त्यांचं मिक्स एन चॉप म्हणून एक हत्यार आहे, दांड्याच्या टोकाला भिंगरीसारखी पाच नायलॉनची पाती. मूळचं खिमा फोडायला केलेलं. नॉनस्टिक कढईत उकडलेला बटाटा, फ्लॉवर, मटार घालून ते नुसतं दाबत, थोडं फिरवत राहायचं. बटाटा दोन मिनिटांत मोडतो. मटार पात्यांमधून निसटतात, त्यांना कढईच्या कडेला घेऊन वरून दाबावं लागतं. हे निसटणंही दाखवा. कढईला ओरखडा नाही, हे बघूनच ऑर्डरी येतात. फक्त उकळत्या तेलात ते बुडवून ठेवू नका, नायलॉन आहे. "असंच ॲमेझॉनवर स्वस्तात मिळतं" अशी कमेंट येणारच. वाद घालू नका, मिळतंच.

लाडवांसाठी स्कूप दाखवता येतो. रव्याचा लाडू शेवटी मुठीतच वळावा लागतो, पण सगळे एकसारखे होतात आणि गरम मिश्रण बोटांनी उचलावं लागत नाही. त्यांची दगडी भांडी म्हणजे स्टोनवेअर मात्र जपून सुचवा. नानकटाई, पिझ्झा त्यावर छान होतो, पण ते ओव्हनचं भांडं आहे. आपल्यातली एखादी हमखास ते भाकरीसाठी गॅसवर ठेवते आणि तडकतं. बिनझिलईच्या दगडाला साबणही चालत नाही.

बाकी किरकोळ. बोलावण्याआधी प्रत्येकीला एकेकटीला विचारा, परस्पर ग्रुपमध्ये ओढू नका, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर लिंक तर अजिबात टाकू नका. पुण्याच्या मावशीला घेऊन उपयोग नाही, माल भारतात पाठवत नाहीत. लाइव्ह मुलं झोपल्यावर ठेवा, पण तुम्ही पूर्व किनाऱ्याकडे राहत असाल आणि कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणी असतील तर तिथे तेव्हा स्वयंपाकाची वेळ असते हे ध्यानात घ्या. ऑर्डर देताना वेबसाइटवर तुमच्या नावाची पार्टी निवडायला हवी, नाहीतर ती विक्री तुमच्या खात्यात धरली जात नाही. हे शेवटच्या दिवशी पुन्हा एकदा लिहा. पाठवणावळ वेगळी पडते, तेही आधीच सांगून टाका.

तिसरं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्ही H-4 वर आहात असं लिहिलंय म्हणून सांगते. पार्टी बरी झाली की शेजारीण म्हणेल, "तूच कन्सल्टंट का होत नाहीस?" कमिशन घेऊन विकणं हे काम धरलं जातं, आणि EAD, म्हणजे सरकारी काम-परवाना, हातात नसेल तर H-4 वर काम करता येत नाही. घरबसल्या, फेसबुकवर, आठवड्यातून तासभर केलं तरी नाही. EAD असेल तर प्रश्न वेगळा, मग हिशेब आणि कर बघून ठरवा. नसेल तर "मी होस्टच बरी" म्हणून हसून मोकळं व्हायचं.