पहिली नेमणूक कुठे मागू?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. यंदा संख्याशास्त्रात पदवी मिळाली आणि सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या पदवीधरांसाठीच्या योजनेत माझी निवड झाली. दोन वर्षं, सहा-सहा महिन्यांच्या चार नेमणुका आणि काम चांगलं असेल तर शेवटी कायम नोकरी, असं स्वरूप आहे. आता पहिल्या नेमणुकीसाठी पसंतीक्रम भरून द्यायचाय. यादीत राष्ट्रीय उत्पन्न, किंमत निर्देशांक, डेटा सायन्स आणि कुटुंब पाहणीचं क्षेत्रकाम असे चार विभाग आहेत. आधीच्या तुकडीतली मुलं म्हणतात, क्षेत्रकाम सोडून काहीही घे, तिथे डोकं वापरायला मिळत नाही. एका खासगी कंपनीकडूनही बोलावणं आहे आणि तिथे पगार बराच जास्त आहे. तुम्ही तीस वर्षं हेच काम केलंत. माझ्या जागी तुम्ही काय भरलं असतं?
– गोंधळलेली पदवीधर

उत्तर : क्षेत्रकाम. पहिल्या क्रमांकावर, आणि तेही न कचरता.

मी स्वतः हे उलट्या क्रमाने केलं, म्हणून इतकं ठासून सांगते आहे. माझी पहिली नेमणूक तक्ते तयार करणाऱ्या विभागात होती. दिवसभर पडद्यासमोर बसायचं, माहितीसंच उघडायचा, सरासरी काढायची. तिसऱ्या महिन्यात मला एका छोट्या विभागातल्या लोकांचे आठवड्याचे कामाचे सरासरी तास काढायला सांगितले. उत्तर 58 आलं. मला ते जास्त वाटलं, पण पटलंही. त्या भागात छोटे व्यवसाय खूप आहेत, माणसं उशिरापर्यंत राबत असणार, असं एक वाक्य मी तक्त्याखाली लिहूनसुद्धा टाकलं. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "यात 99 किती जणांचे आहेत?"

त्या प्रश्नावलीत तासांसाठी दोनच रकाने होते आणि 99 म्हणजे ‘उत्तर मिळालं नाही’. ज्यांनी उत्तरच दिलं नव्हतं, त्यांना मी आठवड्याला नव्याण्णव तास कामाला लावलं होतं. त्या नोंदी बाजूला काढल्यावर सरासरी चाळिसाच्या जवळ आली. चूक तर कुणाचीही होते. पण चुकीच्या आकड्यालाही मला सहज कारण सापडलं, ही गोष्ट मला अजून टोचते. ती प्रश्नावली मी त्या दिवसापर्यंत एकदाही वाचलेली नव्हती.

दुसरी नेमणूक क्षेत्रकामाची होती. एका अनुभवी प्रगणक बाईंबरोबर मी घरोघर फिरले. रोजगाराची पाहणी होती. एका घरी दार उघडलेल्या बाई म्हणाल्या, "मी काही करत नाही हो, घरीच असते." मी लगेच ‘काम नाही’वर खूण केली असती. प्रगणक बाईंनी पेन तसंच धरून ठेवलं आणि सूचनापुस्तिकेत दिला होता तो पुढचा प्रश्न अगदी शब्दशः विचारला : गेल्या सात दिवसांत पैशासाठी, एक तास का होईना, काही काम केलंत का? घरी बसून केलेलं, कुणाला मदत म्हणून केलेलंसुद्धा चालेल. त्या बाई थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, शेजारणीचे कपडे शिवून देते, पण त्याला काय काम म्हणायचं?

म्हणायचं. श्रम-सांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत संदर्भ आठवड्यात, म्हणजे ज्या सात दिवसांबद्दल विचारतात त्यांत, मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काम केलेली व्यक्ती ‘रोजगारात’ धरतात. 2013 साली जगभरच्या श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या एकोणिसाव्या परिषदेने ही रेघ आणखी स्पष्ट केली : फक्त स्वतःच्या घरच्या वापरासाठी काही तयार केलं तर ते ‘काम’ आहे, पण ‘रोजगार’ नाही. म्हणजे त्याच बाईंनी, त्याच यंत्रावर, फक्त आपल्या मुलांचे कपडे शिवले असते तर त्या वेगळ्या रकान्यात गेल्या असत्या. ही रेघ बरोबर आहे का, यावर वाद घालता येतो आणि घालावा. पण ती रेघ दारात उभं राहून ओढावी लागते, आणि ओढणाऱ्याच्या हातात एक वाक्य आणि अर्धा मिनिट असतो.

त्या संध्याकाळी मी त्या घराचा भारांक पाहिला. साधारण अकराशे. नमुन्यातलं प्रत्येक घर, निवडलं न गेलेल्या कितीतरी घरांच्या वतीने बोलत असतं; ते किती, ते भारांक सांगतो. त्या दारात ‘काम नाही’ लिहिलं गेलं असतं, तर अंतिम तक्त्यात सुमारे अकराशे बायका रोजगारातून गळल्या असत्या, आणि कार्यालयात बसून कुठल्याही संगणकाला ते कळलं नसतं. तुझी मित्रमंडळी म्हणतात तिथे डोकं वापरावं लागत नाही. मला त्यांचं म्हणणं बिलकूल मान्य नाही.

दुसरी गोष्ट बंद दारांची. दुपारी फिरलं की घरी कोण भेटतं? म्हातारी माणसं, तान्ह्या मुलांच्या आया, आजारी माणसं. जे कामावर गेलेत त्यांच्या दाराला कुलूप. शेजारच्या घरी विचारून मोकळं होण्याचा मोह प्रत्येक नव्या माणसाला होतो, मलाही झाला. तसं केलंस तर रोजगाराच्या पाहणीतून नेमके नोकरदारच हरवतील. म्हणून त्याच घरी संध्याकाळी परत जायचं, मग सुट्टीच्या दिवशी परत.

नमुना चौपट केला की नमुन्यामुळे येणारी चूक निम्मी होते, हे तू परीक्षेत लिहिलं असशील. पण बंद दारांमुळे येणारी चूक नमुना कितीही वाढवला तरी हलत नाही. 1936 सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचं उदाहरण वर्गात झालं असेलच. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. ज्यांना पत्रिका गेल्या ते, आणि गेलेल्यांपैकी ज्यांनी उलट पाठवल्या ते, बाकीच्या मतदारांसारखे नव्हते. वर्गात हे ऐकताना आपल्याला वाटतं, ही जुन्या काळातली गंमत. कुलूप लागलेल्या तिसऱ्या दारापुढे उभं राहिलं की ते वीस लाख कागद आठवतात.

प्रशांतचंद्र महालनोबिसांनी 1937 पासून तागाच्या पिकाच्या पाहण्या केल्या, तेव्हा एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढून दोन वेगळ्या तुकड्यांकडून मोजून घेण्याची पद्धत वापरली. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची, म्हणजे नमुन्याची चूक किती आणि मोजणाऱ्याची किती, याचा अंदाज येतो. इतका मोठा संख्याशास्त्रज्ञ मोजणाऱ्याच्या हाताचा एवढा विचार करतो, हे लक्षात ठेव.

बाकीचा क्रम लवकर सांगते. दुसरी नेमणूक किंमत निर्देशांकात घे. तिथे दर महिन्याला ठरल्या दिवशी काम संपवण्याची शिस्त लागते. मग डेटा सायन्स. राष्ट्रीय उत्पन्न शेवटी, कारण तिथे बाकी सगळ्या विभागांचे आकडे येऊन मिळतात आणि ते कुठून आले हे माहीत असलेल्या माणसाला तिथे फार मान असतो.

कुठेही गेलीस तरी माहितीसंच उघडण्याआधी मूळ प्रश्नावली, सूचनापुस्तिका आणि संकेतांची यादी मागून घे. एक वही ठेव. प्रत्येक संकेताचा अर्थ, प्रत्येक अपवाद आणि तो कुणी सांगितला ते तारखेसह लिही. आणि प्रोग्राम असा लिही की सहा महिन्यांनी तुझ्या जागी येणाऱ्या मुलीला तो तुला न विचारता चालवता आला पाहिजे. बऱ्याच कार्यालयांत अजून ‘सॅस’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधले जुने प्रोग्राम ‘आर’ किंवा ‘पायथन’ या संगणकभाषांत आणायचं काम चालू आहे. ते कंटाळवाणं वाटेल, पण नाही म्हणू नकोस. दुसऱ्याचा जुना प्रोग्राम ओळ-ओळ वाचताना जे निर्णय दिसतात, ते कुठल्याच अहवालात लिहिलेले नसतात.

पगाराचं विचारलंस. दोन्हीकडच्या पगारातला फरक या नोकरीत भरून निघणार नाही, हे तुला आधीच सांगायला हवं. घरी कर्ज असेल, कुणी तुझ्यावर अवलंबून असेल, तर कंपनीत जा आणि मनात काही ठेवू नकोस. तशी अडचण नसेल, तर मला तू इकडे हवी आहेस.

प्रश्न : आदरणीय ताई, माझी पदवी समाजशास्त्राची आहे. जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ असं लिहिलंय, म्हणून अर्ज केला आणि पुढच्या फेरीसाठी बोलावलंही. लेखी काम आणि गटचर्चा आहे. गणितवाल्यांसमोर माझा निभाव लागेल का?
– समाजशास्त्राचा विद्यार्थी

उत्तर : लागेल. प्रश्न तयार करणं हे या कार्यालयातलं सर्वांत अवघड काम आहे आणि ते तुमच्यासारख्यांना चांगलं जमतं. एक उदाहरण घे. "तुम्ही काम शोधत होतात आणि मिळालं असतं तर लगेच रुजू होऊ शकला असतात का?" वाचायला सरळ आहे. पण बेरोजगार ठरायला काम नसणं, ते शोधणं आणि त्यासाठी उपलब्ध असणं या तिन्ही गोष्टी लागतात. एका वाक्यात दोन प्रश्न घातले की ‘नाही’ हे उत्तर नेमकं कशाला आलं ते कळत नाही. आजारी आईमुळे रुजू होऊ न शकणारी मुलगी आणि शोधणंच सोडून दिलेला माणूस, दोघे एकाच ‘नाही’त जातात. हे वाचताक्षणी तुला खटकलं असेल, तर तू योग्य ठिकाणी अर्ज केला आहेस.

लेखी कामात बहुधा एक तक्ता देतात आणि सामान्य वाचकासाठी अर्धं पान लिहायला सांगतात. मी अशी शेकडो पानं तपासली आहेत. मुलं दोन ठिकाणी अडकतात. प्रमाण 5 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेलं, तर ती एका टक्केबिंदूची वाढ आहे; ‘एक टक्का वाढ’ लिहिलंस तर चूक, कारण मूळ प्रमाणाच्या मानाने ती 20 टक्के आहे. आणि तक्त्यात नसलेलं कारण लिहू नकोस. बेरोजगारी वाढली एवढंच तक्ता सांगत असेल, तर का वाढली ते तुझ्या मनातलं आहे. गटचर्चेत मात्र ‘हे कुणाला विचारलं, किती जणांना विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही’ हे तीन प्रश्न विचार. माझ्या पाहण्यात ते विचारणारा उमेदवार परीक्षकांच्या नजरेतून सुटलेला नाही. सरासरी, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो ते) एवढं मात्र नीट करून जा.

प्रश्न : मा. ताई, माझी मुलगी गेल्या वर्षी सांख्यिकी कार्यालयाच्या याच योजनेत लागली. पूर्वी ती कॉलेजातलं सगळं सांगायची. आता कामाचं काही विचारलं की गप्प. परवा सहज विचारलं, यंदा महागाईचा आकडा वर जाणार की खाली? तर उठून आत गेली. आम्ही काय बाहेर सांगणार आहोत? इतकं काय लपवायचं आपल्या माणसांपासून?
– एक वडील

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझे वडील आठवले. तुम्हाला लागलं असणार, ते समजतं. पण तुमची मुलगी बरोबर वागली.

तिच्याकडे दोन प्रकारची गुपितं आहेत. एक, न जाहीर झालेला आकडा. तो कुठल्या दिवशी, किती वाजता येणार हे आधीच जाहीर केलेलं असतं आणि तो सगळ्यांना एकाच क्षणी मिळायला हवा. ‘वर की खाली’ एवढं एक अक्षर आधी कळलं तरी बाजारात कुणाचा तरी फायदा आणि कुणाचा तरी तोटा होतो. तुम्ही सांगणार नाही, हे तिला माहीत आहे. पण घरी एकदा सांगितलं की पुढच्या वेळी कुणाला नाही म्हणायचं, हे तिला रोज नव्याने ठरवावं लागेल. नव्या माणसाला ते फार जड जातं.

दुसरं गुपित लोकांचं. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 1994 मध्ये अधिकृत सांख्यिकीची दहा मूलतत्त्वं मान्य केली आणि 2014 मध्ये आमसभेने त्यांना दुजोरा दिला. त्यातलं सहावं सांगतं, की व्यक्तीची माहिती काटेकोरपणे गोपनीय ठेवायची आणि फक्त सांख्यिकीसाठीच वापरायची. नाव काढून टाकलं की झालं, असं आपल्याला वाटतं. लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या अमेरिकी जनगणनेच्या आधारे दाखवून दिलं, की टपालाचा पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली सुमारे 87 टक्के माणसं एकमेव ओळखता येऊ शकतात. तुमची मुलगी घरी सहज म्हणाली, "आज एक मजेशीर घर होतं," तर तिने अजून काही सांगितलेलं नसतं, पण सुरुवात झालेली असते. कुणीतरी दार उघडून, अनोळखी माणसावर विश्वास टाकून आपली मिळकत सांगितलेली असते. तो विश्वास मोडायचा नसतो.

माझ्या वडिलांना हे कळायला वर्ष लागलं. मग त्यांनी त्यांचा एक मार्ग काढला. अहवाल प्रसिद्ध झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं ते पान ते नीट घडी घालून माझ्यासाठी ठेवायचे, आणि मी घरी आले की बोट ठेवून विचारायचे, "यातली तुझी ओळ कुठली?" त्या संध्याकाळी मी त्यांना तासभर सांगत बसायचे.